थोरलीचा घास

साताऱ्यात एका वाचनालयाच्या कार्यक्रमात एका बाईंनी उभं राहून मला विचारलं, "तुमच्या गोष्टींतल्या मेलेल्या बायकांना नावं का नसतात?" बाईंनी माझं पुस्तक मनापासून वाचलेलं दिसत होतं, कारण त्यांच्या हातातल्या प्रतीत खुणेसाठी एसटीची तिकिटं घातलेली होती. मी माईक जवळ ओढला आणि बाईची पुसली गेलेली ओळख, समाजाचा विसरभोळेपणा वगैरे बरंच काही बोलले. टाळ्याही पडल्या. परतीच्या गाडीत मला आपलंच हसू येत राहिलं, कारण खरं उत्तर फार साधं होतं. माझी आई मला नावं घालू देत नाही.

आई सांगलीत माझ्याजवळ असते. तिला वाचता येत नाही, पण मी लिहिलेली एकूण एक गोष्ट तिनं ऐकलेली आहे. दुपारी ती गॅलरीत चटईवर बसते, सुपात डाळ नाहीतर तांदूळ निवडायला घेते आणि म्हणते, "वाच." गोष्ट कुठल्याही मासिकाकडे जायच्या आधी त्या सुपावरून जाते. भाषा, मांडणी, शेवट यांतलं काहीही तिला खटकत नाही. कथानकात ढीगभर भानगडी असल्या तरी ती माना डोलावते. तिचा नियम एकच आहे. गोष्टीत जे माणूस मरणार असेल त्याला कुणाचं नाव द्यायचं नाही. जिवंताचं दिलं तर तू त्याला मारलंस. मेलेल्याचं दिलं तर त्याला परत मारलंस.

"एकदा मेलंय ते," ती म्हणते. "त्येला आनी किती बारी मारणार?"

सुरुवातीला मी वाद घालायचे. एका दुपारी तर हट्टालाच पेटले आणि नावांमागून नावं घेत सुटले. प्रत्येक नावाला तिच्याकडे एक मयत तयार होती. हे नको, ती कडेगावची, पान लागून, साप चावून गेली. हे नको, ती तुझ्या आत्याची जाऊ. हे तर नकोच नको, ती विहिरीत गेली आणि कशी गेली ते अजून कुणी बोलत नाही. शेवटी मी वैतागून म्हणाले, "मग मोकळं नाव तरी कुठलं आहे ते सांग."

"मोकळं नाव नसतंय," ती सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "नाव म्हंजी कुणीतरी गेल्यालंच असतंय."

त्यामुळे माझ्या गोष्टींत थोरली, मधली, वरच्या आळीची, वळणावरची अशाच बायका मरत आल्या. एका समीक्षकानं याला जाणीवपूर्वक घडवलेली शैली म्हटलं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काय म्हणतोय त्यो?" मी म्हटलं, "छान केलंस म्हणतो." "मग बरं," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली.

गंमत अशी की बाहेर हा नियम केव्हाच बुडाला आहे. गावाच्या फाट्यावर उतरलं की पहिल्यांदा दिसतो तो भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक. त्यावर गेलेल्याचा गॉगल घातलेला फोटो, खाली हात जोडलेल्या पंधरावीस जणांचे फोटो आणि हातभर मोठ्या अक्षरांत नाव. तो पावसात फाटून लोंबेपर्यंत कुणी काढत नाही. पण त्याच फलकाखाली उभं राहून माणसं बोलतात तेव्हा "त्यो गेल्याला", "आमचं मोठं" असंच म्हणतात. छापलेलं नाव चालतं, तोंडातून काढायचं नाही. आईला तर छापलेलंही चालत नाही. ती एसटीतून उतरताना फलकाकडे पाठ करून उतरते.

या नियमाचं मूळ आमच्या घरात आहे आणि ते कित्येक वर्षं आईच्या गळ्यात होतं.

आमचं गाव उंब्रजपासून थोडं आत. वडिलांची पिठाची गिरण होती. आई त्यांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, बाळासकट. तिला जाऊन वर्ष व्हायच्या आत आई त्या घरात आली. दुसरेपणाच्या बाईला आमच्याकडे लग्नातच सवतीचा टाक घालतात. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात खाली सोडलेली. आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो असायचा, मंगळसूत्राच्या थोडा वर. आईचं वय तेव्हा शाळेतल्या मुलीचं. जिचं तोंड कधी पाहिलं नाही तिला गळ्यात बांधून तिनं संसाराला सुरुवात केली.

त्या बाईचा मान मोठा होता. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग अंगाला. हळदीकुंकवाचं बोट आधी टाकाला. आणि जेवायला बसलं की पहिला घास उचलून टाकाला लावायचा, क्षणभर थांबायचं, आणि मगच तो तोंडात घालायचा. आम्हा भावंडांना यात काही विशेष वाटत नव्हतं. सगळ्यांच्या आया असंच जेवतात असं मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं. घरात तिला सगळे थोरली म्हणायचे, आणि आईला धाकटी. थोरलीला हे आवडायचं नाही, थोरलीला ते चालायचं नाही, असं आई इतक्या सहज सांगायची की मला ती मागच्या खोलीत राहणारी बाई वाटायची. मागच्या खोलीत पिठाची पोती असायची. मी तिथं एकटी जात नसे.

नाव मात्र कधीच नाही. आमच्याच आळीत त्या नावाची एक बाई होती. आई तिला "गिरणीम्होरची" म्हणायची. आईचं बघून अख्खी आळी म्हणायला लागली आणि पुढं त्या बिचारीला तिच्या नवऱ्याशिवाय कुणी नावानं ओळखेना.

तरीही नाव मला ठाऊक होतं. थोरलीचं माहेर म्हसवडकडचं. तिची आई दर वर्षी सिद्धनाथाची यात्रा झाली की आमच्याकडे यायची, आईसाठी लुगडं घेऊन. लेक गेली तरी लेकीच्या जागी आलेली ही आपली लेकच, अशी रीत. म्हातारी ओसरीवर आईच्या समोर बसायची, आईच्या गळ्यातला टाक तळव्यावर घ्यायची आणि त्याला हाक मारायची. एकदाच, हळू आवाजात, घराबाहेर खेळणाऱ्या मुलीला जेवायला बोलवावं तशी. ते नाव मी तिथं ऐकलं. आई खाली मान घालून बसलेली असायची आणि तिचे ओठ जरासे हलायचे. मला वाटायचं, ती काहीतरी चघळते आहे.

वडील गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, बांगड्या उतरल्या, कुंकू गेलं. बायका टाकालाही हात घालायला लागल्या तेव्हा आईनं तो मुठीत धरला. "ह्यो ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मालक गेलं. ती कुठं गेलीया?" बायकांनी हात मागं घेतले. नवऱ्यामागं बाईजवळ सवत उरली, यावर मला रडता रडता हसू आलं होतं ते आठवतं.

मग ती सांगलीला आली आणि आमचं दुपारचं वाचन सुरू झालं. आणि एक दिवस मी ती गोष्ट लिहिली.

ती कधीतरी लिहावी लागणारच होती. एक दुसरेपणाची बाई, तिच्या गळ्यातला टाक आणि त्या टाकाशी ती आयुष्यभर बोलत असलेलं बोलणं. त्यात हाक मारायला नाव हवंच होतं, आणि टाकाच्या गोष्टीत "थोरली" लिहिलं असतं तर आमच्या गावच्या कुणीही पहिल्या ओळीत ओळखलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये लहान मुलींची हल्ली जशी नावं असतात, गोड, दोन अक्षरी, कुठल्या तरी पुस्तकातून शोधून काढलेली, तसलं एक नाव घेतलं. त्या नावाची बाई आमच्या अख्ख्या शिवारात कधी जन्मली नव्हती, त्यामुळे मेलीही नव्हती. एक मोकळं नाव शेवटी सापडलं. आईला तिच्याच नियमात पकडलं म्हणून मी खुशीत होते.

दुपारी वाचायला घेतलं. आई हरभऱ्याची डाळ निवडत होती. गोष्टीतली बाई ताटावर बसली, पहिला घास उचलला, टाकाला लावला आणि त्या दोन अक्षरी नावानं म्हणाली, जेव बाई. आईचा हात सुपात थांबला.

"ही कोण?"

"गोष्टीतली आहे."

"तिचा घास हिला का दिलास?"

"आई, ती थोरलीच आहे. नाव तेवढं बदललंय."

"नाव बदललं म्हंजी बाई बदलली," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हिला मी वळखत न्हाई. हिचं माझ्याकडं काय काम हाय? माझ्या गळ्यात बसून ही जेवती, आन् ती कुठं बसायची?"

मी समजवायला लागले की गोष्ट ही खरी नसते. ते मी अनेक व्यासपीठांवरून समजावलेलं आहे आणि मला ते चांगलं जमतं. आईनं निवडलेली आणि न निवडलेली डाळ एकत्र करून डब्यात ओतली आणि आत निघून गेली. असं तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस तिनं "वाच" म्हटलं नाही. जेवताना घास टाकाला लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबायची, समोरच्यानं काही म्हणावं याची वाट बघत असल्यासारखी. मग घास खाली ठेवून परत उचलायची. मी विचारलं तर म्हणाली, "ती घेत न्हाई." मी विषय बदलला.

आणि एका सकाळी आंघोळ करून ती बाहेर आली ती मोकळ्या गळ्यानं. हातात काळा दोरा होता. दोऱ्यात टाक नव्हता.

आम्ही न्हाणीघर पालथं घातलं. बादली, मग, फरशीच्या फटी, पायपुसणं. कपडे एकेक करून झटकले. प्लंबरला बोलावून मोरीची जाळी उघडली, तर केसांचा गुंता, साबणाची झिजलेली वडी आणि कुणाच्या तरी फुटक्या बांगडीचा तुकडा निघाला. त्यानं खाली उतरून पाइपाचा कोपराही सोडवला. टाक नव्हता. नखाएवढा का होईना, चांदीचा पत्रा बंद न्हाणीघरातून जाईल कुठं, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी त्यावर फार विचारही करत नाही, कारण विचार करायला लागलं की एकाच दिशेला जातो.

"दोरा जुना झाला होता, आई," मी म्हटलं.

"दोरा जुना हुताच," ती म्हणाली. "रुसायला ती बी जुनीच हाय."

दुपारी तिनं ताट पुढं घेतलं, घास उचलला, हात गळ्याशी नेला आणि तिथं काही नाही म्हटल्यावर खाली ठेवला. ताट सरकवलं. मला वाटलं, आज मनाला लागलंय, उद्या जेवेल. दुसऱ्या दिवशीही तेच. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. मी ओरडले, हात जोडले, भाकरी दुधात कुस्करून वाटी तोंडाशी नेली. ती ओठ मिटून माझ्याकडे अशी बघायची, जणू या वयातही मुलीला साधी रीत कळत नाही. "तिनं खाल्ल्याबिगर मी कवा खाल्लंय?" एवढंच म्हणायची. चहा मात्र घ्यायची.

"चहा चालतो?" मी चिडून विचारलं.

"तिला चहा आवडत न्हाई. तवा मी एकटीनं घेतला तर चालतंय."

"तुला कुणी सांगितलं तिला आवडत नाही म्हणून? तू तिला पाहिलेलंसुद्धा नाहीस."

"येवढ्या वर्सांत कळत न्हाई व्हय," आई म्हणाली.

भरदुपारी, पंखा चालू असताना, माझ्या अंगावर काटा आला. मी मागं वळून बघितलं आणि मागं काही नव्हतं. वळून बघितलं याचाच मला राग आला.

डॉक्टर येऊन गेले. या वयात अशी उपासमार चालणार नाही, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात आणून सलाइन लावू, असं बाहेर येऊन म्हणाले. वरच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. तिथल्या वहिनींचं आणि आईचं चांगलं जमतं. त्या खाली आल्या, आईचे पाय चेपत बसल्या. मी आत चहा टाकत होते आणि दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"मावशी, आमच्यात तर नावं घेऊनच फातिहा देत्यात," वहिनी म्हणत होत्या. "शब-ए-बारातला खीर करतो, आन् घरातल्या समद्या गेलेल्यांची नावं घेतो. नाव घेतल्याबिगर त्यास्नी पोचायचं कसं?"

आईनं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "तुमच्यातली नाव घेतल्यावर ऐकत्यात, बाई. आमच्यातली उठत्यात."

त्याच संध्याकाळी मी सराफ कट्ट्यावर गेले. सवतीचा टाक हवा म्हटल्यावर काउंटरवरच्या तरुणानं मला लक्ष्मीची छाप दाखवली, मग खंडोबाची, मग कुलदेवीत कुठली हवी ते विचारलं. त्याला मी काय मागते आहे तेच उमगेना. आतल्या गादीवर बसलेल्या त्याच्या वडिलांनी ऐकलं आणि म्हणाले, "आजकाल कोण मागत नाही हो. दुसरी करतात, पण पहिलीला गळ्यात कुठं घेतात." त्यांनी पत्रा कापून, ठोकून, हात खाली सोडलेली एक बाई उठवून दिली. मी नव्या काळ्या दोऱ्यात ओवून घरी आणला. वाटलं, सुटलो.

आईनं तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"चांगला केलाय," ती म्हणाली. "पर ह्यात कोण हाय? निस्ता पत्रा हाय ह्यो. तिला बोलवाया पायजे."

बोलवायचं म्हणजे काय ते तिनं मग सांगितलं. टाक धान्यावर ठेवायचा, पुढं ताट वाढायचं, आणि घरातल्या बाईनं गेलेलीला नावानं हाक मारायची. ती आली की टाकात बसते. आईच्या लग्नात ती हाक तिच्या सासूबाईंनी मारली होती. सासूबाई गेल्या, म्हसवडची म्हातारी कधीच गेली. घरात आता दोघीच.

"मग मार की तू," मी म्हटलं.

"मी न्हाई. सवतीनं हाक मारली तर तिला वाटंल मी जागा सोडली. येऊन माझ्या जागी बसंल." हे तिनं दूध उतू जाईल म्हणावं तितक्या सरळपणे सांगितलं. "तू मार. तुझी ती थोरली आई हाय. लेकीनं बोलावलं तर ती लेकीपुरतीच येती."

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना. मी कुठं हे सगळं मानते? मी तर नावाशीच काम करणारी बाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळं मांडलं. ताम्हनात जोंधळे, जोंधळ्यांवर टाक, पुढं ताट. ताटात भाकरी, पावट्याची आमटी, भात, ठेचा. आई भिंतीला टेकून बसली होती. या काही दिवसांत तिचा चेहरा हाडांवर आला होता आणि पदर खांद्यावर ठरत नव्हता. संध्याकाळी दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

पाणी प्यायले. परत तोंड उघडलं. परत तेच.

आणि तिथं बसल्याबसल्या मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती. मी शाळेत शिक्षिका होते. आमच्या शाळेत त्या नावाच्या एक बाई होत्या, त्यांना मी शेवटपर्यंत आडनावानं हाक मारली. वर्गात त्या नावाच्या एकदोन मुली दर वर्षी असायच्याच, फार चालणारं नाव ते. मी हजेरी नावानं कधी घेतलीच नाही, कायम नंबरानं घेतली. मुलं म्हणायची बाई कडक आहेत. मलाही तसंच वाटायचं. अख्खी नोकरी मी एका बाईला चुकवत केली आणि व्यासपीठावरून लोकांना सांगत राहिले की गोष्ट ही खरी नसते.

मला भीती वाटत होती, हे आता लिहायला हरकत नाही. ती येईल याची भीती होती. त्याहून मोठी भीती ही की मी हाक मारेन, काहीच होणार नाही, आणि आई ताटाकडे बघून मान हलवेल. मग माझ्याजवळ तिला खायला घालण्याचा दुसरा कुठलाही उपाय उरणार नव्हता.

"आवाज निघत न्हाई," मी म्हटलं. गावचं बोलणं आपोआप आलं.

"निगंल," आई म्हणाली. "तिला भूक लागली आसंल बघ."

ते ऐकलं आणि मला रडू फुटलं, आणि रडण्यातच ते नाव बाहेर आलं. हाक अशी नव्हतीच ती, पण नाव पूर्ण होतं. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होत होती, ती थांबली.

"ओ," आई म्हणाली.

तो आईचा आवाज नव्हता असं मी म्हणणार नाही. आईचाच होता. पण तो मी कधी ऐकला नव्हता. कोवळा, धावत आलेल्या पोरीचा, जरा धापेला लागलेला. आईची मान खाली होती आणि ओठ जरासे उघडे होते. मी जागची हलले नाही. मग तिनं हात पुढं करून टाक उचलला, स्वतः गळ्यात बांधला, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून टाकाला लावला, थांबली, आणि खाल्ला. त्यानंतर दुसरा. मी समोर बसून बघत होते, आणि ती जेवली.

अर्धी भाकरी झाल्यावर मी विचारलं, "ओ तू का दिलीस?"

"कुणीतरी द्याया नगं?" ती म्हणाली. "हाक मारल्यावर ओ न्हाई आली तर माणूस दारातनं माघारी जातंय. मेल्याल्या माणसाला आवाज नसतोय. जिच्या गळ्यात टाक, तिनं त्येच्यासाठनं ओ द्यायची. लग्नात सासूबाईनं हाक मारली तवा मीच दिली. म्हसवडची म्हातारी यायची तवाबी."

ओसरीवर खाली मान घालून बसलेली आई मला दिसली. ती काही चघळत नव्हती. दर वर्षी एका म्हातारीला तिच्या मेलेल्या लेकीची ओ देत होती.

आईनं भात कालवला. खाताखाता म्हणाली, "माझं कसं व्हायचं बघ. माझा टाक कोण घालणार? माझ्यामागं कोण आलीच न्हाई. सवत असती तर माझीबी सोय झाली असती."

मी हसले, पण ती हसली नाही. तिनं बराच काळ यावर विचार केलेला होता.

"तू तुझ्या गोष्टीत घाल मला," ती म्हणाली. "मी गेल्यावर. पर नावानं घाल. धाकटी म्हणू नगंस. जल्मभर समद्यांनी धाकटीच म्हटलं."

"तूच म्हणतेस, मेलेल्याचं नाव गोष्टीत घालायचं नाही."

"मराया घालू नगं म्हटलं मी," आई म्हणाली. "जेवाया घाल. गोष्टीत मला ताटावर बसीव, नाव घे, आन् जेव म्हण."

"आणि ओ कोण देणार? मी?"

तिनं बोटं चाटली, जरा विचार केला. "वाचणारं कुणीतरी दील की. मनातल्या मनात का हुईना."

ती दोन अक्षरी नावाची गोष्ट मी फाडली नाही, पण कुठं पाठवलीही नाही. ती कपाटात आहे, आणि त्या उपऱ्या बाईला कुणी अजून बोलावलेलं नाही. आई परत पहिल्यासारखी जेवते, पहिला घास टाकाला लावून. गॅलरीतलं वाचन चालू आहे, नियमही तोच आहे. नवा टाक आता तिच्या अंगाच्या घामानं काळवंडला आहे आणि जुन्यासारखा दिसायला लागला आहे.

मध्ये एकदा ती झोपली असताना मी स्वयंपाकघरात उभी राहून तिचं नाव म्हणून बघणार होते. मीही ते आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही. मुलं आईचं नाव कुठं घेतात? पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि मी तोंड मिटलं. आत्तापासून सवय नको.

साताऱ्याच्या त्या बाईंना मी तेव्हा उगाच लांबलचक उत्तर दिलं, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहून ठेवते आहे. पुढं कधीतरी माझ्या एखाद्या गोष्टीत एखादी म्हातारी तिच्या पूर्ण नावानिशी ताटावर बसलेली दिसली, तर काय झालं ते ओळखा, आणि वाचतावाचता तिच्यासाठी एक ओ द्या. तोवर माझ्या लिहिण्यात नाव नाही याचा अर्थ एवढाच, की आई आत बसून जेवते आहे.